साराभाईंच्या नावानं पेले रिचवणाऱ्यांना

कफपरेडी
‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही जुनी विनोदी मालिका बघत प्यायच्या खेळाबद्दल परवा एकानं लिहिलं होतं: ‘शनिवारी माझ्याकडे साराभाई नाइट. मोनिशाला “मिडल क्लास” म्हटलं की एक घोट, रोसेशची कविता सुरू झाली की दोन, दुष्यंत यंत्राबद्दल बोलायला लागला की तीन, मधुसूदनभाईंनी “हें?” केलं की ग्लास रिकामा. सतीश शाहांना हीच खरी श्रद्धांजली!’ खाली बदामांचा पाऊस.

कसली डोंबलाची श्रद्धांजली? ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शाह गेले, तेव्हापासून मीही जुने भाग काढून बघतोय. त्यांनी केलेल्या इंद्रवदनची गंमत कशात आहे? सोफ्यावर बसल्या बसल्या एक वाक्य सोडायचं, बायको माया आणि सून मोनिशाची जुंपून द्यायची आणि आपण नामानिराळं राहायचं. ते वाक्य बऱ्याचदा दुसऱ्याच्या वाक्याच्या शेपटीवर येतं. ते ऐकायला कान जाग्यावर लागतात. तुम्ही तेव्हा ‘ए, तू नुसता ओठाला लावलास, मी बघितलं’ यावर भांडत असणार.

बरं, नियम तरी धड करा. ‘हें?’ला ग्लास रिकामा? मधुसूदनभाई खोलीत आले की दुसरं करतात काय? पहिला भाग संपायच्या आत पाहुणे आडवे. हे नियम लिहिणाऱ्यानं मालिका बघितलेली नाही, रील्स बघितल्यात.

शनिवारकर
ती पोस्ट माझीच, काका. आणि २००४ला स्टार वनवर सुरू झाली तेव्हा क्लास बुडवून बघितलीय, त्यामुळे रील्सचं मला ऐकवू नका.

खेळ असला की लोक उलट जास्त लक्ष देतात. आमच्यातला एक जण एरवी सिनेमाभर फोनमध्ये असतो. रोसेश ‘मम्मा’ म्हणाला ती कवितेची पहिली ओळ की नुसती हाक, यावर तो हातघाईवर आला! रिमोट घेऊन तो प्रसंग मागे नेऊन नेऊन बघितला. त्यात मागे उभ्या असलेल्या रत्ना पाठक शाह, म्हणजे माया, काय करतायत ते आम्हाला पहिल्यांदा दिसलं. तुम्ही एकटे बसून एवढं बघता का?

आणि हा शोध माझा नाही. अमेरिकेत बॉब न्यूहार्टची मालिका होती, सीबीएसवर, १९७२ ते ७८. त्यात कुणी ‘हाय बॉब’ म्हटलं की कॉलेजची पोरं प्यायची. तिथे कुणाची संस्कृती बुडाली नाही.

एडिसनचा नाना
हाय बॉबचं नाव काढलंत म्हणून बोलतो, कारण ते अर्धवट सांगितलंत. बॉब हा शिकागोतला मानसशास्त्रज्ञ. जो येईल तो ‘हाय बॉब’ म्हणत आत येतो. म्हणजे प्यायचं ते विनोद सुरू व्हायच्या आधी. घोट घेऊन झाला, आता ऐका. तुम्ही तर ‘मिडल क्लास’वरच ग्लास उचलायला लावताय. लोकांनी तेव्हा हसायचं की गिळायचं? एकदा नाकातून सोडा आला की कळेल. आणि इकडे अमेरिकेत पोरं खेळतात ते बिअरवर. तुम्ही ओल्ड मंक घेऊन बसणार, मला ठाऊक आहे.

नियमानुसार
मूळ मुद्दा कुणीच काढला नाही. पाहुण्यांकडे परवाने आहेत का? महाराष्ट्रात आजही १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला ५ रुपये, देशीला २. आजन्म १०००. आणि वय २५ पूर्ण. बिअर-वाइनला २१.

शनिवारकर
झालं, आले! घरात सिरियल बघायला परवाना?

नियमानुसार
सिरियल बघायला नाही, प्यायला. वाचता येतं ना?

म्हापशेकार
आमच्या गोव्यात १८. या इकडे, काजूची हुर्राक पाजतो, कुणी कागद मागणार नाही. तुमच्याकडे पोरगा १८ला मत देतो, २१ला बोहल्यावर चढतो आणि स्वतःच्या लग्नात व्हिस्कीचा ग्लास धरला तर गुन्हा. विनोदी मालिका लावायची गरज काय तुम्हाला?

नियमानुसार
शनिवार-रविवारी तुमच्या किनाऱ्यावर जो धिंगाणा चालतो तो याच १८ मुळे.

म्हापशेकार
तो धिंगाणा घालणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटी बघा एकदा. एमएच! २५ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं आमच्या दारात येऊन ओकतात.

शनिवारकर
नियमानुसारसाहेब, तुमच्याकडे आहे का परवाना?

नियमानुसार
आहे. आजन्म. आमच्या सोसायटीत एका गच्चीवरच्या पार्टीची कुणीतरी तक्रार केली, पोलीस आले, सगळ्यांची तोंडं पांढरी. मी पाकिटातून काढून दाखवला. हवालदारानं तो उलटसुलट करून बघितला, म्हणाला, ‘साहेब, हा असा दिसतो होय?’ त्यानंही पहिल्यांदाच बघितला होता.

कफपरेडी
म्हणजे कायदा पाळणारे महाराष्ट्रात तुम्ही एकटे. मी सतीश शाहांबद्दल लिहिलं होतं हो. आता एक्साइजचं ऑफिस उघडलंय इथे.

ताकवाली
बाकी सगळं झालं, आता माझं ऐका. मी पीत नाही. अशा प्रत्येक बैठकीत माझ्यापुढे थम्स अपचा एक ग्लास, त्यातलाही गॅस गेलेला. आणि शेवटी कॉन्ट्री सगळ्यांना सारखी! खंबा तुम्ही संपवायचा, चकणाही तुम्हीच संपवायचा आणि आठशे रुपये मी द्यायचे. टीटीएमएम, तुझं तू माझं मी, म्हटलं की ‘एवढा काय हिशोब करतेस’. परत रात्री एकला सगळ्यांना घरी सोडायचं मीच, कारण शुद्धीत मीच. पोलिसांच्या नळीत फुंकून पहिल्यांदा सापडलात तर १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत किंवा दोन्ही, हे तुमच्या नियमावलीत कुठे आहे? गाड्यांच्या चाव्या दारातच काढून घ्यायच्या, हे यजमानाचं पहिलं काम. यजमान कुठे असतो? बर्फ फोडत. आणि बोंबील तळायला त्याची बायको. तिनं त्या रात्री साराभाईंमधला एक तरी विनोद धड ऐकला का, विचारा.

शनिवारकर
माझ्याकडे बोंबील मीच तळतो, ताई.

ताकवाली
आणि ओटा?

शनिवारकर
…ओट्याचं नंतर बोलू. नाना, तुमचं पटलं नाही, पण नाकातून सोडा येण्याचा प्रकार आमच्याकडे झालेला आहे, तेव्हा ‘मिडल क्लास’ काढतो. ‘हें?’ पण काढला, काकांच्या समाधानासाठी. आता एकच नियम: दारावरची बेल वाजली की घोट. कोण आलंय ते कळायच्या आत गिळून मोकळे. आणि ज्याला जे हवं ते ग्लासात, कोकम असलं तरी चालेल.

एडिसनचा नाना
म्हणजे हाय बॉबच. मग पटलं नाही कशाला म्हणायचं!

कफपरेडी
बेल चालेल. श्रद्धांजली हा शब्द तेवढा काढा. आणि २०१७चा हॉटस्टारवाला सीझन लावणार असाल तर नियमबियम नको, मला सरळ बाटली द्या.

म्हापशेकार
२०१७चा वाईट नव्हता.

कफपरेडी
याचं वय तपासा रे कुणीतरी.

ताकवाली
कॉन्ट्रीचं काय ठरलं? त्यावर बरे सगळे गप्प.