जुने मराठी अक्षरजुळणीचे विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर: वाईन वापरावे की आभासी यंत्र?

रामबागची अक्षरजुळणी, इंदूर

सर्वांना नमस्कार. रामबागेत आमचा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. सासऱ्यांनी तो सुरू केला तेव्हापासून लग्नाच्या व मुंजीच्या पत्रिका, गणेशोत्सवाच्या स्मरणिका आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा कवितासंग्रह हे सारे काम पेजमेकर ७ आणि एका जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरवर होत आले आहे. हे सॉफ्टवेअर यूएसबीचे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याखेरीज उघडत नाही. ते ज्या संगणकावर आहे, त्यावर ३२ बिटचे विंडोज ७ असून त्याच्या १६० जीबीच्या हार्ड डिस्कमधून आता कटकट असा आवाज येऊ लागला आहे.

दुसरा संगणक २०१६ सालचा आहे: सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. त्यावर विंडोज १० होते. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकले. हिशेब, ईमेल, छपाई यांपैकी कशाचीच अडचण नाही. अडले आहे ते या जुन्या सॉफ्टवेअरपाशी. एका दुकानदाराने नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला, पण नव्या संगणकावर हे जुने सॉफ्टवेअर चालेलच असे सांगायला तो तयार नाही.

माझे प्रश्न असे. हे सॉफ्टवेअर लिनक्सवर वाईनमध्ये (विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात) चालेल, की आभासी यंत्र (लिनक्सच्या आत चालणारा दुसरा संगणक) करावे लागेल? डोंगल आभासी यंत्रात ओळखले जाईल का? आणि जुनी डिस्क बंद पडण्याआधी त्यावरचे सगळे जसेच्या तसे उचलून नेता येते का? सॉफ्टवेअरची मूळ सीडी आता सापडत नाही, त्यामुळे नव्याने बसवण्याचा मार्ग आमच्याकडे नाही.

तुकोगंजकर, इंदूर

ताई, आधी वाईन वापरून पाहावे असे मी सुचवेन. त्यासाठी वेगळे विंडोज लागत नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्न येत नाही आणि रॅमही कमी लागते. माझे एक जुने ग्रंथालय-नोंदणीचे सॉफ्टवेअर वाईनमध्ये कित्येक वर्षे विनातक्रार चालू आहे.

लष्करकर, ग्वाल्हेर

तुकोगंजकरांचा सल्ला साध्या सॉफ्टवेअरपुरता योग्य आहे, पण ताईंच्या बाबतीत तो लागू पडणार नाही, आणि त्याचे कारण डोंगल हे आहे. वाईन म्हणजे विंडोज नव्हे. एखादे सॉफ्टवेअर विंडोजकडे जी मागणी करते, ती लिनक्सला समजेल अशा भाषेत पोचवणारा तो दुभाषा आहे. फाईल उघडणे, खिडकी काढणे, अक्षरे उमटवणे ही कामे हा दुभाषा बहुतेक वेळा नीट करतो. परंतु डोंगलचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसलेला असतो आणि वाईनपाशी ते कर्नलच नाही. शिवाय जुनी मराठी सॉफ्टवेअरे कळफलकाची कळ मधल्यामधे पकडून तिच्या जागी मराठी आकार टाकतात, आणि तेही वाईनमध्ये बेभरवशाचे ठरते. तेव्हा आभासी यंत्रच करावे.

त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स हे आभासी यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर घ्यावे असे मी म्हणेन. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००७ पासून केव्हीएम हे तशाच कामाचे साधन आहे, ते वेगवान आहे आणि मी स्वतः तेच वापरतो. पण लिनक्स आणि आभासी यंत्रातले पाहुणे विंडोज यांच्यात सामायिक फोल्डर करण्यासाठी तिथे जास्त खटपट करावी लागते, आणि तुम्हाला तर हे रोज लागणार आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त परवान्याखाली आहे, परंतु त्याचा एक्स्टेन्शन पॅक (जास्तीच्या सोयींचा वेगळा भाग) केवळ व्यक्तिगत व शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य आहे. तुमचा व्यवसाय असल्याने तो बसवू नका, आणि त्याची गरजही नाही, कारण यूएसबी २ व ३ चा आधार आवृत्ती ७.० पासून मूळ भागातच आला आहे. पूर्वी तो त्या पॅकमध्ये असे, म्हणून जुन्या मार्गदर्शनात सर्वत्र 'पॅक बसवा' असे लिहिलेले आढळते.

आता डिस्कविषयी, कारण खरी घाई तिथेच आहे. कटकट करणारी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका आणि त्यावरचे विंडोज चालू ठेवून फायली एकेक उचलत बसू नका. डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने लिनक्सच्या संगणकाला जोडा. ती आपोआप माउंट झाली, म्हणजे वापरासाठी उघडली गेली, तर अनमाउंट करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) एखाद्या बाहेरच्या मोठ्या डिस्कवर घ्या. हे साधन आधी चांगला भाग भराभर वाचून घेते आणि खराब जागा वगळून पुढे जाते. त्या जागांवर ते शेवटी परत येते. किती वाचले याची नोंद ते एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू करता येते. ती नोंद-फाईल देण्याचा आळस करू नये. मी एकदा केला होता आणि अख्खी रात्र वाया गेली होती. प्रतिमा हाती आली की जुनी डिस्क बाजूला ठेवून द्या.

व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणाऱ्या व्हीबॉक्स-मॅनेज या साधनात कच्च्या प्रतिमेचे व्हीडीआय या आभासी डिस्कच्या फाईलमध्ये रूपांतर करण्याची आज्ञा आहे. ती शून्यांनी भरलेला भाग वगळते, त्यामुळे १६० जीबीच्या डिस्कची फाईल बहुधा बरीच लहान होते आणि तुमच्या एसएसडीवर मावते. नवे यंत्र तयार करताना ३२ बिटचे विंडोज ७ निवडा आणि ईएफआय या नव्या सुरुवात-पद्धतीची खूण काढून ठेवा, कारण इतक्या जुन्या संगणकातले विंडोज बहुतेक वेळा जुन्या बायॉस पद्धतीने सुरू होणारे असते. यंत्रातली डिस्क साटाला न जोडता आयडीई या जुन्या प्रकारच्या कंट्रोलरला जोडा. जुना संगणक आयडीई पद्धतीने चालत असेल आणि इथे तुम्ही साटा दिले, तर निळा पडदा येऊन शेवटी ७बी असलेला क्रमांक दिसेल. त्याला घाबरण्याचे कारण नाही; आपला कंट्रोलर बदललेला आहे, एवढेच विंडोज सांगत असते. रॅम २ जीबी पुरे. पाहुण्याला पोटभर वाढताना यजमानाला उपाशी ठेवू नये, आणि ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीपेक्षा जास्त दिलेली रॅम तशीही वाया जाते.

परवान्याचे तेवढे तपासून घ्या. संगणकासोबत आलेले ओईएम विंडोज त्याच संगणकाशी बांधलेले असते आणि आभासी यंत्र हे परवान्याच्या दृष्टीने निराळे यंत्र ठरते. स्वतंत्र डबा विकत घेतला असेल, तर तो जुन्या संगणकावरून काढून इकडे वापरता येतो.

शेवटचे म्हणजे, या विंडोजला इंटरनेट अजिबात देऊ नका. विंडोज ७ ची सुरक्षा-अद्ययावते १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत. सक्रियीकरण लागलेच तर ते फोनवरून करून पाहा आणि यंत्राच्या नेटवर्क सेटिंगमध्ये अडॅप्टरची खूणच काढून टाका. व्हर्च्युअलबॉक्सचे सामायिक फोल्डर नेटवर्कवर अवलंबून नसतात, त्यामुळे गेस्ट अॅडिशन्स (पाहुण्या विंडोजमध्ये बसवायचा व्हर्च्युअलबॉक्सचा जोड) बसवल्यावर ते चालू राहतात.

रामबागची अक्षरजुळणी, इंदूर

लष्करकर काका, आपण एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल आभारी आहे. प्रतिमा घ्यायला एक दिवस आणि एक रात्र लागली. काही केबी वाचता आले नाहीत, बाकी सर्व आले. विंडोजचा डबा व बिल सासऱ्यांच्या कपाटात सापडले. आता दोन अडचणी आहेत. पहिली माझ्याच उत्साहामुळे ओढवली. मी तुलना करावी म्हणून केव्हीएमचे व्हर्ट-मॅनेजरही बसवले, आणि तेव्हापासून व्हर्च्युअलबॉक्समधले यंत्र सुरू होताना 'व्हीटी-एक्स दुसऱ्याच्या ताब्यात आहे' अशा अर्थाची चूक दाखवते. दुसरी अशी की, ही चूक येण्यापूर्वी विंडोज सुरू झाले होते, पण यूएसबीच्या यादीत डोंगल दिसतच नव्हते. यादी संपूर्ण रिकामी होती.

दांडिया बाजार, बडोदे

दोन्ही अडचणी सुटण्याजोग्या आहेत.

प्रोसेसरमधली आभासीकरणाची सोय (व्हीटी-एक्स) एका वेळी एकालाच वापरता येते. पूर्वी केव्हीएम ती सोय आपले यंत्र सुरू झाल्यावरच ताब्यात घेई, त्यामुळे दोन्ही साधने एकाच संगणकावर सुखाने नांदत. लिनक्स कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचे मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) चढताक्षणीच ती सोय आपल्याकडे घेते, आणि मग व्हर्च्युअलबॉक्सला दार बंद मिळते. तुम्ही व्हर्च्युअलबॉक्सच वापरणार असाल, तर केव्हीएमचे इंटेलचे मोड्यूल काळ्या यादीत टाकून (म्हणजे ते आपोआप चढणार नाही) संगणक पुन्हा सुरू करा. नुसते व्हर्ट-मॅनेजर काढून भागणार नाही, कारण ते मोड्यूल कर्नलसोबतच येते आणि बहुधा आपोआप चढते. बायॉसमधले व्हीटी-एक्स मात्र चालूच राहू द्या. गोंधळून ते बंद करणारे बरेच जण भेटतात.

यादी रिकामी दिसण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. लिनक्समधले तुमचे वापरकर्ता खाते 'व्हीबॉक्सयूझर्स' या गटात नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला यूएसबीची साधने दिसतच नाहीत. खाते गटात घालून एकदा लॉगआउट करा आणि पुन्हा आत या. हे न केल्यास गटबदल लागू होत नाही. त्यानंतर यंत्र बंद असताना यूएसबी सेटिंगमध्ये डोंगलची गाळणी (फिल्टर) तयार करा, म्हणजे दर वेळी हाताने जोडावे लागणार नाही. तिथेच यूएसबीचा प्रकार २.० किंवा १.१ ठेवा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नव्हता, ३.० निवडलेत तर आत डोंगल तर नाहीच, साधा पेनड्राइव्हही दिसणार नाही.

ज्यांचे डोंगल यूएसबीऐवजी जुन्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टचे आहे, त्यांनी बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल घेऊन पैसे घालवू नयेत. ती केबल फक्त छपाईयंत्राशी बोलण्यापुरती असते आणि डोंगलला लागणारे पिनांवरचे थेट नियंत्रण तिच्यात नसते.

लष्करकर, ग्वाल्हेर

बडोद्याच्या मित्रांनी अचूक सांगितले. केव्हीएमचे नाव मीच काढल्यामुळे ताईंचा वेळ गेला, याची चुटपुट लागली.

छपाईसंबंधी एक सूचना. आभासी यंत्रात लेझर प्रिंटर जोडण्याच्या खटाटोपात पडू नका. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईयंत्राला समजणारी) फाईल काढून ती सामायिक फोल्डरमध्ये टाका आणि लिनक्सवरच्या घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करा. फॉन्ट फाईलमध्येच समाविष्ट करण्याची खूण केलेली असली म्हणजे झाले. ट्रेसिंग (ऑफसेट छपाईसाठी पारदर्शक कागदावरची प्रत) लिनक्समधूनच काढता येईल.

दुसरे, आभासी यंत्राच्या या पेटीत सॉफ्टवेअर टिकेल, पण मजकूर पेटीबाहेर काढण्याची सुरुवात करावी. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत. फॉन्ट काढून घेतला, तर तुमचा कवितासंग्रह म्हणजे कंस, टक्केचिन्हे आणि रोमन अक्षरांचा ढिगारा आहे. लिब्रेऑफिस आवृत्ती ४.४ पासून पेजमेकरच्या फायली उघडते, परंतु उघडते ती हा ढिगाराच. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) त्याला आपण द्यायचे. कृतिदेव या फॉन्टमधल्या हिंदी मजकुरासाठी तयार परिवर्तक पुष्कळ मिळतात. मराठी फॉन्टसाठी मात्र कोणत्या आकाराला कोणते युनिकोड अक्षर याचा तक्ता अनेकदा स्वतः करावा लागतो, आणि त्यात एकास एक अक्षर बदलून भागत नाही. जुन्या पद्धतीत 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती 'क'च्या नंतर येते. 'धर्म' मधला रफार जुन्या पद्धतीत 'म'च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त 'म'च्या आधी येतात. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक तर हिंदीसाठी केलेल्या परिवर्तकांना ठाऊकच नसतो. म्हणून परिवर्तनानंतर प्रूफ वाचणे टळत नाही, आणि ते मराठी जाणणाऱ्यानेच वाचले पाहिजे.

तुकोगंजकर, इंदूर

डोंगलचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. एक भर घालतो: व्हर्च्युअलबॉक्समधला स्नॅपशॉट (यंत्राची त्या क्षणाची साठवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ व्हीडीआय फाईलवर अवलंबून असतो. एसएसडी गेली तर दोन्ही एकत्रच जातील. यंत्र पूर्ण बंद करून त्याचे सगळे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा.

रामबागची अक्षरजुळणी, इंदूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोड्यूल काळ्या यादीत टाकले, खाते गटात घातले आणि यूएसबी २.० ठेवल्यावर डोंगल पहिल्याच प्रयत्नात ओळखले गेले. घोस्टस्क्रिप्टने केलेल्या पीडीएफवरून काल एका मुंजीच्या पत्रिकेचे ट्रेसिंग काढून ऑफसेटवाल्यांकडे पाठवले. यंत्राची प्रतही बाहेरच्या डिस्कवर उतरवली आहे.

एक अडचण मात्र कोणीच सांगितली नव्हती, ती नोंदवून ठेवते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीवरून इंग्रजीवर जाण्यासाठी उजवी कंट्रोल कळ ठरवलेली आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्याच्या खिडकीतून बाहेर पडण्याची कळही मुळात तीच असते. त्यामुळे सासऱ्यांनी भाषा बदलली की कळफलक विंडोजच्या हातून सुटत असे आणि ते डोंगललाच दोष देत असत. व्हर्च्युअलबॉक्सच्या प्राधान्यांमध्ये 'इनपुट' या भागात ही होस्ट कळ बदलता येते. आम्ही ती स्क्रोल लॉक केली.

लष्करकर काका, २००८ सालच्या स्मरणिकेची चार पाने मी लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहिली आणि आपण म्हणालात तसाच ढिगारा दिसला. या आठवड्यात फॉन्टमधल्या आकारांचा तक्ता करायला घेते आहे. जोडाक्षरांसाठी वेगळा तक्ता ठेवावा की एकाच यादीत लांब जोडण्या आधी घ्याव्यात, एवढे मात्र सांगावे.

लष्करकर, ग्वाल्हेर

एकच यादी ठेवा, लांब जोडण्या आधी. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' आणि 'त्र' सर्वांत वर घ्या, मग अर्धी अक्षरे, मग सुटी. वेलांटी आणि रफार यांची जागा बदलण्याचे काम ही सगळी यादी संपल्यावर, वेगळ्या फेरीत करा.