साखर उतरेना, तर इन्शुलिनचा डोस घरी वाढवावा का?

कृष्णाकाठ: माझं मत, वाढवावा. जत-आटपाडीहून मिरजेला दाखवायला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. पुढची तारीख तीन महिन्यांनी, तोवर साखर 250 वर तशीच. रात्रीचं ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्शुलिन, बहुधा 10 युनिटपासून सुरू होतं. उपाशीपोटीची साखर तीन दिवस 130 च्या वर राहिली तर 2 युनिट वाढवायचे. 70 च्या खाली गेली आणि कारण सापडलं नाही, तर 10 ते 20 टक्के कमी करायचे. डॉक्टरांनी एवढा तक्ता कागदावर लिहून दिला की सातवी पास माणसालाही जमतं.

भाकरी-ठेचा: जमतं, पण सुई बरोबर असेल तर! आपल्याकडे कुपी बहुतेक 40 ची (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट), पेनातलं इन्शुलिन 100 चं. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी 100 साठी. 40 ची कुपी नारिंगी सिरिंजनं 10 च्या खुणेपर्यंत भरली तर अंगात 4 च युनिट जातात. साखर उतरणार कशी? उलट चुकलं, तर 10 चे 25.

दुसरं, पोटावर रोज एकाच जागी टोचून गाठी होतात आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. तुमचा तक्ता म्हणणार वाढवा. वाढवत नेलं आणि एक दिवस गाठ सोडून चांगल्या जागी टोचलं, की साखर धाडकन खाली. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या घरात ठेवलेल्या कुपीचंही तेच. फ्रिज नसेल तर माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवा. फोडलेली कुपी साधारण 28 दिवसच वापरायची.

मळ्यातला: आणि गोळ्यांचं काय? तक्ता बघून लोक ग्लिमेपिराइडही वाढवतील. 4 मिलिग्रॅमपुढे त्याचा फायदा फारसा वाढत नाही, साखर फार खाली जायची भीती मात्र राहते. आठवडाभर रात्रीची लाईट असली की माणूस अर्धी रात्र उसाला पाणी पाजत फिरतो. फडात घेरी आली तर बघणार कोण? खिशात तीन चमचे साखरेची पुडी हवीच. कंदी पेढा नको, खव्यातल्या तुपानं साखर चढायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

कृष्णाकाठ: अहो, मी फक्त रात्रीच्या इन्शुलिनचं म्हणतोय. गोळ्या विचारल्याशिवाय नकोच. मेटफॉर्मिनसुद्धा किडनी बघून: ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 45 च्या खाली गेला तर डोस साधारण निम्मा, 30 च्या खाली बंद. सुई तपासा, गाठी चाचपा, मान्य. पण त्या सबबीवर महिनोन् महिने 250 वर बसायचं, हे पटत नाही.

भाकरी-ठेचा: सबब नाही ओ. 60 किलोच्या माणसाला 30 युनिट झाले, सकाळची साखर 110 आणि जेवणानंतर 260, तर रात्रीचं इन्शुलिन वाढवून काय उपयोग? तिथं उपायच वेगळा लागतो. हे तुमच्या तक्त्यात कुठं आहे?

मळ्यातला: उलट्या, धाप, वजन उतरणं असेल तर तक्ता बाजूला ठेवा, त्याच दिवशी दवाखाना. डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर काढणारी गोळी) चालू असेल तर साखर 200 असली तरी कीटोन (इन्शुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) तपासून घ्या.

कृष्णाकाठ: बरं, मग वरची मर्यादाही कागदावर लिहून घ्यायची. किलोमागे अर्धा युनिट, त्यापुढे फोन.

भाकरी-ठेचा: आणि टोपणाचा रंग.