संयुक्त राष्ट्रसंघाला माल पुरवायचा तर नोंदणीसाठी पैसे भरावे लागतात का?

प्रश्न : कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
नमस्कार. आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा यंत्रमाग कारखाना आहे. ठरावीक रक्कम आगाऊ भरल्यास आम्हाला संयुक्त राष्ट्रसंघाचे ‘मान्यताप्राप्त पुरवठादार’ करून देऊ, असे पत्र एका सल्लागाराकडून आले आहे. लेटरहेडवर ऑलिव्हच्या फांद्यांमधील जगाच्या नकाशाचे बोधचिन्हही छापलेले आहे. संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्या संघटना पुरवठादार नेमके कसे निवडतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निर्यातीची कागदपत्रे पाहणारा
पैसे मुळीच भरू नका. ‘युनायटेड नेशन्स ग्लोबल मार्केटप्लेस’ या संकेतस्थळावरील नोंदणी विनामूल्य असून ती आपली आपल्याला करता येते, आणि पुढे निविदेच्या कोणत्याही टप्प्यावर संघ शुल्क घेत नाही. ते बोधचिन्ह 1946 च्या ठरावाने संरक्षित आहे. महासचिवांच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. खासगी सल्लागाराच्या लेटरहेडवर ते दिसावे, एवढ्यावरूनच सावध व्हायला हवे.

नोंदणी म्हणजे शिफारस नव्हे, आणि ऑर्डर तर नव्हेच. तयार मालासाठी बहुधा बोली मागवली जाते आणि तपशिलात बसणाऱ्या बोलींपैकी सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते. सेवा किंवा गुंतागुंतीच्या कामांत मात्र तांत्रिक गुण आणि किंमत एकत्र तोलतात. एका बोलीदाराने विचारलेल्या शंकेचे लेखी उत्तर सर्वांना कळवले जाते, मुदतीनंतर आलेली बोली साधारणपणे बाद होते आणि अधिकाऱ्यांना भेटवस्तू देणे निषिद्ध आहे. ओळखीपाळखीने काम होईल, हा समज मनातून काढून टाका.

आणखी एक, मदतकार्यातील ब्लँकेट बहुधा पॉलिस्टरचे किंवा लोकरमिश्रित असते. त्याचे माप, वजन, उष्णतारोधकता ठरवून दिलेली असते. आपली सुती चादर कितीही नावाजलेली असली, तरी तपशील वाचल्याशिवाय दर कळवू नका.

उत्तर २ : स्वयंसेवी संस्थेची हिशेबनीस
विडी कामगार महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडेही असे सल्लागार येतात, म्हणून लिहिते. युनिसेफसारख्या यंत्रणा भागीदार संस्थांसाठीचे प्रस्ताव ‘यूएन पार्टनर पोर्टल’वर मागवतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा ‘सल्लागार दर्जा’ (स्वयंसेवी संस्थांना मिळणारी मान्यता) ही वेगळी बाब आहे: संघाच्या सनदेच्या कलम 71 नुसार तो मिळतो, संस्था किमान 2 वर्षे अस्तित्वात असावी लागते, आणि त्यामुळे बैठकांना हजर राहता येते, निधी मिळत नाही.