डीएनए चाचणीवरून स्कॉटिश क्लॅन ठरवता येतो का?

अरुंधती_ग्लासगो

ग्लासगोत राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात हेच पाहते. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून माणसं येतात, डीएनए कंपनीचा अहवाल दाखवतात आणि विचारतात, आमचा क्लॅन, म्हणजे स्कॉटिश कूळ, कोणतं? त्यांची ओढ खरी असते, म्हणूनच सांगावंसं वाटतं की हे उत्तर थुंकीच्या नमुन्यात नसतं. ते असतं असं भासवून कुणी चाचण्या विकू नयेत.

क्लॅन म्हणजे एका मूळपुरुषाची लेकरं, हे चित्र अपुरं आहे. सरदाराची जमीन कसणारे, त्याच्या आश्रयाला आलेले, लढाईत त्याच्या बाजूनं उभे राहणारे, असे कितीतरी लोक त्याचंच आडनाव लावू लागले. धान्याच्या पिठाच्या बदल्यात फ्रेझर आडनाव घेतलेल्यांना तर ‘पिठाचे फ्रेझर’ असंच म्हणत. त्यांच्या वंशजांचं रक्त सरदाराशी जुळणार नाही. मग ते फ्रेझर नाहीत का?

त्यातून सर्रास खपते ती ऑटोसोमल चाचणी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए पाहणारी. तिच्यात प्रत्येक पूर्वजाचा वाटा दर पिढीला साधारण निम्मा होतो. दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. ही चाचणी फार तर प्रदेश सांगेल, क्लॅन कसा सांगणार?

नचिकेत_रा

असहमत. एका चाचणीच्या उणिवांवरून सगळंच मोडीत काढू नका. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, आणि आडनावही त्याच वाटेनं जातं.

मॅक्ग्रेगर क्लॅनचं काय झालं ते बघा. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या राजवटीत ते आडनाव लावायलाच बंदी झाली, लावलं तर मृत्युदंड. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि १७७४ पर्यंत राहिली. लोक ड्रमंड झाले, ग्रँट झाले, कँपबेल झाले. त्यांच्यातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय, तोही कँपबेल नावानं वावरला. राज्यसत्तेनंच ज्यांचं नाव पुसलं, त्यांनी कागद कुठून आणायचा? सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५५ ची, आणि हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, चर्चमधल्या त्याआधीच्या नोंदी फार तुटक. आज एखाद्या ड्रमंडचं वाय गुणसूत्र मॅक्ग्रेगरांच्या जुन्या शाखेशी जुळलं, तर तेवढाच एक पुरावा त्याच्या हाती असतो. तो त्याच्याकडून काढून घेऊ नका.

मीनल_देव

नचिकेतच्या बाजूनं आणखी एक. पश्चिम स्कॉटलंडचा सरदार सोमर्लेड ११६४ मध्ये रेनफ्र्यूजवळ मारला गेला. मॅक्डोनाल्ड, मॅक्डूगल, मॅकॅलिस्टर ही घराणी स्वतःला त्याचे वंशज मानतात, आणि जुन्या वंशावळी त्याचं मूळ आयर्लंडच्या राजांपर्यंत नेतात. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी या घराण्यांच्या प्रमुखांचे नमुने तपासले. त्यांच्यात वाय गुणसूत्राच्या आर१ए नावाच्या गटाची एकच खूण निघाली. हा गट नॉर्वेत बराच आढळतो. म्हणजे सोमर्लेडची पितृशाखा बहुधा नॉर्स, व्हायकिंगांकडची. वंशावळीत जे नव्हतं ते रक्तातून कळलं!

अरुंधती_ग्लासगो

मीनल, अभ्यासाचा तो भाग मलाही मोलाचा वाटतो. पण त्याच तपासणीत बहुसंख्य सामान्य मॅक्डोनाल्डांमध्ये ती खूण सापडली नाही. त्यांच्या पूर्वजांनी त्याच नावानं शेती केली, लढाया केल्या, देशोधडीला लागले. त्यांना ‘जुळत नाही’ एवढंच कळवून मोकळं व्हायचं?

श्रीधर_सातारा

मला वेगळीच काळजी आहे. प्रिंगल घराण्याचे दहावे बॅरोनेट (ही बापाकडून मुलाकडे जाणारी ब्रिटिश पदवी) सर स्टुअर्ट यांनी क्लॅनच्या अभ्यासासाठी नमुना दिला आणि त्यातून निघालं की नववे बॅरोनेट आठव्यांचे पुत्र नव्हते. सर स्टुअर्ट २०१३ मध्ये गेले. २०१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटनमधल्या वरिष्ठ न्यायमंडळानं हा पुरावा ग्राह्य धरला आणि १६८३ पासूनची पदवी त्यांच्या मुलाला न मिळता भाऊबंदांच्या दुसऱ्या शाखेकडे गेली. नमुना एकानं दिला, झळ मुलाला. आणि ज्या आजी-पणजीबद्दल बोललं गेलं, ती उत्तर द्यायला हयात नाही. असला नमुना देण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारलंच पाहिजे.

नचिकेत_रा

विचारावं, मान्य. पण पदवी रक्तानं चालते असा नियम असेल, तर न्यायाधीशांनी पुराव्याकडे पाठ का फिरवावी? दुसऱ्या शाखेचा हक्क होता, तो तिला मिळाला.

अरुंधती_ग्लासगो

बॅरोनेटच्या पदवीला तो नियम असेल, क्लॅनला तो लावू नका. स्काय बेटावरच्या डनव्हेगन किल्ल्यात १९३५ पासून १९७६ पर्यंत मॅक्लाउडांची प्रमुख एक स्त्री होती, डेम फ्लोरा. त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीचा मुलगा गादीवर आला. त्याच्या वडलांचं आडनाव वेगळं होतं, त्यानं मॅक्लाउड नाव घेतलं आणि सगळ्या क्लॅननं त्याला प्रमुख मानलं. जुन्या मॅक्लाउड प्रमुखांच्या वाय गुणसूत्राशी ताडून पाहिलं तर तो प्रमुखच बाहेर पडेल. आणि बायकांकडे तर वाय गुणसूत्र नसतंच. क्लॅन शोधणाऱ्या बाईला भावाचा नाहीतर बापाचा नमुना मागावा लागतो, आणि आईकडचे सगळे त्या हिशेबातून वगळले जातात.

नचिकेत_रा

डेम फ्लोरांचा दाखला बिनतोड आहे. प्रमुख कोण हे चाचणीनं ठरू नये. पण नाव हिरावलेल्या मॅक्ग्रेगरांच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. आधी १८५५ पर्यंतचे कागद गाठावेत, जमेल तितक्या चर्चच्या नोंदी पाहाव्यात, आणि वाट जिथे खुंटेल तिथून पुढे वाय चाचणी करावी.

मीनल_देव

आणि ती आडनावाच्या प्रकल्पात, म्हणजे एकाच आडनावाच्या लोकांचे नमुने जिथे ताडतात तिथे, सामील होऊनच करावी. ताडून पाहायला दुसरे नमुने नसतील तर नुसत्या गटाच्या नावावरून कुठलाच क्लॅन हाती लागत नाही.