गाव महापालिकेत गेलं, आता नमुना 8 (ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंदवही) वरचं नाव कोण बदलणार? (तातडीची मदत हवी)

मधलीआळी:
नमस्कार मंडळी. गाव महापालिकेत गेल्यापासून घरपट्टीचं बिल आजोबांच्या नावाने येतंय. वडिलांचं नाव लावायचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला होता, शिक्का मारलेली पोच आहे. नोंद काही झाली नाही आणि तेवढ्यात पंचायतच गेली. आता म्हणतात, दप्तरात जे नाव आलं तेच बिलावर येणार. घर पाडून बांधायचंय आणि बँकेला बिल वडिलांच्या नावाने हवंय. कुणाकडे जायचं? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. वकील गाठायचं मलाही कळतं.

हवेलीचा_बाळ्या:
कुठलं गाव? कुठली महापालिका? 2017 च्या 11 गावांतलं की 2021 च्या 23 गावांतलं? एवढं तरी सांगा भाऊ.

मधलीआळी:
पुणेच की. 30 जून 2021 वालं. गावाचं नाव नको, इथे निम्मे पाहुणेच निघतील.

करदाता_नंबर_एक:
बिल येतंय ना, मग पीटी-3 (घरपट्टी सवलतीचा अर्ज) भरला का? स्वतः राहत असाल तर 40 टक्के सवलत मिळते. लोक भरत नाहीत आणि मग बिल जास्त आलं म्हणून ओरडतात. वीजबिल, सोसायटीचं पत्र जोडा आणि भरून टाका.

मधलीआळी:
सवलत विचारली नाहीये हो. गावठाणातलं घर आहे, सोसायटी कुठून आणू?

निवृत्त_ग्रामविकास:
तुमच्या अर्जावर मासिक सभेत ठराव झाला होता का? नुसत्या पोचेवर नोंद होत नसते. वारसनोंद सभेपुढे यायची, ठराव व्हायचा, मग नमुना 8 ला नाव चढायचं. ठराव झाला असेल आणि चढवायचा राहिला असेल तर काम सोपं आहे. प्रोसिडिंग बुकातल्या त्या ठरावाची प्रमाणित प्रत मागा. माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दप्तर महापालिकेने ताब्यात घेतलंय, म्हणजे मागायचंही तिथेच. पंचायत समितीत जाऊन काही उपयोग नाही.
आणि नमुना 8 नीट वाचा. मालकाचा रकाना वेगळा, भोगवटादाराचा, म्हणजे ताबा असलेल्याचा, वेगळा. कितीतरी घरांत मालक आजोबा आणि भोगवटादार वडील असं असतं. बिलावर नाव उचलताना मालकाचाच रकाना उचललेला मी पाहिलाय.

मधलीआळी:
आत्ताच काढून बघितला. हो! भोगवटादारात वडिलांचं नाव आहे. पेनने लिहिलंय, बाजूला सही पण आहे. हे चालेल का?

निवृत्त_ग्रामविकास:
चालेल की नाही ते ठरावावर. सही कुणाची, तारीख काय?

डोंगराआडून:
या सगळ्याच्या मुळाशी गावं घेण्याचा हव्यास आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असे तीन दरवाजे होते, एक नाही तर दुसरा उघडायचा. आता एकच दरवाजा, तोही शहराच्या त्या टोकाला. गावं आल्यावर पुणे क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून बसलं, पण टँकर तेच. आणि मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता. दाद मागायची कुणाकडे?

हवेलीचा_बाळ्या:
तीन दरवाजे आणि तिन्ही ठिकाणी चहापाणी, ते विसरलात वाटतं. महापालिकेत निदान बिल ऑनलाइन दिसतं.

डोंगराआडून:
दिसतं, आकडा बघून डोळेही पांढरे होतात. उगाच नाही फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर पडून 2024 ला स्वतःची नगरपरिषद घेऊन बसले.

हवेलीचा_बाळ्या:
आधी आत यायचं, मग बाहेर. कचऱ्याची गाडी कुणाची ते तरी एकदा ठरवा.

टेम्सकाठी:
इंग्लंडमध्ये हेच चाललंय. सॉमरसेटला चार जिल्हा कौन्सिलं आणि काउंटी मिळून 1 एप्रिल 2023 पासून एकच कौन्सिल केलं. पैसे वाचणार म्हणत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आर्थिक आणीबाणी जाहीर केली! मोठं केलं की स्वस्त पडतं हे काही खरं नाही.

हवेलीचा_बाळ्या:
काका, सॉमरसेटचा नमुना 8 कुणी मागितलाय का?

स्वाती_सासवड:
मी वेगळं सांगते. घरपट्टीच्या मागे लागूच नका. ती कर वसुलीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखकडून मिळकत पत्रिका काढा. आमच्या पुरंदरात सोनोरीला सगळ्यात आधी मोजणी झाली. बँकेला तो कागद जास्त पटतो.

निवृत्त_ग्रामविकास:
ताई, बरोबर आहे, पण त्या मोजणीतही ताबा कुणाचा हे ठरवताना ग्रामपंचायतीचीच नोंद बघतात. फिरून तिथेच. आणि मधलीआळी, तलाठी, सातबारा, तालुका यातलं काही महापालिकेमुळे बदललेलं नाही. घराखालची जागा सातबाऱ्यावर असेल तर वारसफेरफार तलाठ्याकडेच.

स्वाती_सासवड:
आणि बांधकाम परवानगी? 23 गावांना 2021 ला नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नेमलं होतं. कर एकीकडे, नकाशा दुसरीकडे. आत्ता काय स्थिती आहे ते आर्किटेक्टला विचारा, नाहीतर बिलावर नाव लागेल आणि घर तसंच राहील.

मधलीआळी:
परवानगीचं पुढे बघू. आधी नाव. ठरावाची प्रत मागतो. अजून एक, चुलत्यांची सही लागेल का? दोघे आहेत. एक बोलत नाहीत.

निवृत्त_ग्रामविकास:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! आजोबांचे वारस तीन शाखांचे, मग एकट्या तुमच्या वडिलांचं नाव ठरावाने लागलं असतं तरी चुलत्यांना हरकत घेता आली असती. वाटणीपत्र आहे का? नसेल तर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नाहीतर सगळ्या वारसांची नावं लावून घ्या.

मधलीआळी:
वाटणी तोंडी झालीये. सगळ्या गावाला माहीत आहे.

हवेलीचा_बाळ्या:
गावाला माहीत असून उपयोग काय, आता गावच राहिलं नाही. वकील गाठा.

करदाता_नंबर_एक:
तोपर्यंत पीटी-3 तरी भरून ठेवा.