युवकसेवा बाहेरच्या संस्थेकडे सोपवावी का? इंदूरच्या मराठी मंडळीतील (चर्चमधील) पत्रव्यवहार

सर्व सभासदांस सप्रेम सलाम.

पाळकीय समितीच्या येत्या बैठकीपुढे एक प्रस्ताव आहे. त्याची माहिती इंदुरातल्या आणि परदेशी गेलेल्या सर्व सभासदांना आधीच असावी, म्हणून हे लिहीत आहे. विद्यार्थ्यांमध्ये काम करणारी एक ख्रिस्ती संस्था, जी कोणत्याही एका चर्चची नाही, आपला युवक गट आणि रविवारची शाळा दोन्ही चालवायला तयार आहे. प्रशिक्षित कार्यकर्ते, पुस्तके, वाद्ये आणि वार्षिक शिबिर यांचा खर्च तीच करील. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये शिकणारी आपली मुले शनिवारी संध्याकाळी त्यांच्या सभेला आताच जातात आणि रविवारच्या मराठी उपासनेला येत नाहीत, हे आपण सगळे पाहतोच. पाळकांवर तर आधीच एकाहून अधिक मंडळ्यांचा भार आहे. जे काम आपल्या हातून होत नाही ते दुसरे कोणी प्रभूच्याच नावाने करत असेल, तर त्यांना ते का करू देऊ नये?

युवक गटाची समन्वयक

---

प्रिय भगिनीस सप्रेम सलाम.

मुले तिकडे जातात याचा दोष मुलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे. परंतु मदत घेणे निराळे आणि काम सोपवून मोकळे होणे निराळे. या प्रस्तावात दुसरे चालले आहे.

बाहेरच्या संस्थांचे ऋण कोणी नाकारू नये. 1792 मध्ये केटरिंग येथे स्थापन झालेली बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी ही मूठभर पाळकांनी उभारलेली संस्था होती आणि तिने पाठवलेल्या विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली नेऊन त्यांना आसरा दिला, ते कोणा एका मंडळीच्या कुवतीतले नव्हतेच. याउलट 1877 मध्ये इंदुरात आलेले कॅनडाचे मिशन तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चने पाठवलेले होते आणि त्याला जाबही त्याच चर्चला द्यावा लागत असे. माझा सगळा प्रश्न या जाब देण्याचा आहे. नव्या करारातले प्रेषित पौल आणि बर्णबा यांना अंत्युखिया शहराच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून पाठवले आणि परत आल्यावर त्यांनी तीच मंडळी जमवून झालेले सर्व सांगितले. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमलेले दान नेताना सोबतीचा बंधू मंडळ्यांनी निवडून दिला, तो पैशांविषयी कोणी बोट दाखवू नये म्हणून. या संस्थेचे कार्यकर्ते मात्र दुसऱ्या शहरातल्या विश्वस्तांना अहवाल देतात. त्या विश्वस्तांना आपण निवडत नाही आणि प्रश्नही विचारू शकत नाही.

पैशाची बाजूही नीट समजून घ्यावी. परकीय अंशदान कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे अशा पैशावर चालणारी संस्था मनात असूनही आपल्या मंडळीला बळ देऊ शकत नाही. तिला आपले काम स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पगारी माणसांकडूनच करावे लागते, आणि उद्या तिची नोंदणी रद्द झाली तर शिबिर, पुस्तके व कार्यकर्ते एकदमच जातात. (परदेशस्थ सभासदांसाठी जाता जाता: ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही, ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले त्यांची ठरते.)

आपल्यातल्या एक आजी अंथरुणाला खिळल्या आहेत. अशाच एका संस्थेची मुले पावसाळ्यात त्यांना शिधा द्यायला आली. मुले गुणी होती आणि तांदूळ उत्तम होता. पण फॉर्ममध्ये आधार क्रमांक भरून झाल्यावर पाकीट हातात धरून फोटो काढायचे ठरले, तेव्हा आजींनी घरभर आपली कवळी शोधायला लावली. कवळी सापडली, फोटो निघाला, आणि ती मुले पुन्हा आली नाहीत, कारण त्यांच्या यादीत आजींच्या नावापुढे खूण झाली होती. दर महिन्याला प्रभुभोजन घेऊन कोण जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्यांनाही मंडळीची चौकट अपुरी वाटली. त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिले. 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ तग धरू शकला नाही; त्यांची पदे मात्र मंडळ्यांनी गाऊन गाऊन टिकवली.

तेव्हा शिक्षकांचे प्रशिक्षण, पुस्तके आणि शिबिर यांत संस्थेची मदत अवश्य घ्यावी. रविवारची शाळा, बाप्तिस्म्याची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी आणि दानाचा हिशेब यांपैकी काहीही बाहेर देण्यास माझा विरोध आहे.

समितीतील एक ज्येष्ठ सभासद

---

आदरणीय काका,

हिशेबाविषयीचा आपला मुद्दा मान्य आहे. अंत्युखियाबद्दल मात्र एक राहून गेले. तिथे ग्रीक लोकांना प्रथम सुवार्ता सांगणारी माणसे कुप्र आणि कुरेने इथली होती. त्यांची नावेही शास्त्रात नाहीत आणि त्यांना कोणत्या मंडळीने पाठवल्याचा उल्लेखही नाही. यरुशलेमेच्या मंडळीला बातमी नंतर लागली, आणि तिने काम थांबवण्याऐवजी बर्णबाला तिकडे धाडले. आपण शनिवारच्या त्या सभेकडे आजवर कोणाला धाडले आहे? आणि कोचिंगच्या चाचण्या रविवारी सकाळीच असतात, हे समितीला मी पूर्वीही कळवले होते.

प्रस्ताव मी मागे घेत नाही, दुरुस्त करून ठेवते. रविवारची शाळा त्यातून वगळावी, मुदत एक वर्षाची असावी, आपल्या मुलांवर झालेल्या खर्चाच्या हिशेबाची प्रत संस्थेने समितीला द्यावी, आणि प्रत्येक शनिवारी मंडळीतले एक वडीलधारे सभासद तिथे हजर असावेत. या शेवटच्या कामासाठी अजून कोणाचेही नाव आलेले नाही. सभा सात वाजता सुरू होते. आपले नाव घालू का?

युवक गटाची समन्वयक