मदत हवी आहे: राजकारणापायी क्रोम आणि जीमेल सोडायचंय, तेही हंगामाआधी

मोहोर_देवगड

देवगडला आंबा पेट्या आणि पल्पचं छोटं ऑफिस. विंडोजची तीन मशीन, तिन्हींवर क्रोम, सगळ्यांत मिळून एकच जीमेल पत्ता, त्यात ११ जीबी मेल. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हापासून भागीदारांचा हट्ट आहे की अमेरिकन सॉफ्टवेअर नको. पुढे मात्र एकमत नाही. एकाला झोहो (भारतीय कंपनीचं मेल) हवंय, दुसऱ्याला प्रोटॉन (स्विस मेल), तिसरा म्हणतो फायरफॉक्स ब्राउझर आणि थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम घ्या, ते कुणाचेच नाहीत. जुने मेल हरवता कामा नयेत, जीएसटीची डिजिटल सही चालली पाहिजे आणि पेट्या सुटायच्या आत काम उरकायला हवं. कुठून सुरुवात करू?

खाडीकाठ

आधी भागीदारांना एक विचारा: राग देशावर आहे, कंपनीवर आहे की मालकाच्या मतांवर? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

देशावर असेल तर फायरफॉक्स बाद. तो बनवणारी मोझिला अमेरिकन आहे आणि फायरफॉक्समध्ये गुगल सर्च आधीपासून ठेवल्याबद्दल तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गुगलच देतं. थंडरबर्डही मोझिला फाउंडेशनच्याच उपकंपनीचं. ब्राउझरांत विवाल्डी नॉर्वेचं, झोहोचं उला आपलं, पण दोघांचं इंजिन क्रोमियम, म्हणजे गुगलनं घडवलेलं. एज, ब्रेव्ह, ऑपेराचंही तेच. होडीचा रंग बदलला तरी मशीन त्याच कारखान्याचं.

मतांवर असेल तर यादी संपतच नाही. ब्रेंडन आइक २०१४ मध्ये मोझिलाचे प्रमुख झाले आणि समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेला २००८ मध्ये दिलेल्या १००० डॉलरवरून काही दिवसांतच त्यांना पद सोडावं लागलं. त्यामुळे चिडून काहींनी फायरफॉक्स सोडला. तेच आइक पुढे ब्रेव्ह घेऊन आले, मग दुसऱ्या बाजूचे लोक ब्रेव्हला हात लावेनात. डिसेंबर २०२४ मध्ये प्रोटॉनच्या प्रमुखांनी रिपब्लिकन पक्षाचं कौतुक केलं, तेव्हा तिथूनही माणसं उठली. तुमच्या दुसऱ्या भागीदारांना हे आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा बिऱ्हाड हलवाल.

लाटांचा_हिशेब

हे नुसतं भावनेचं प्रकरण आहे असं कुणी समजू नये. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचा दाखला देत मायक्रोसॉफ्टनं गुजरातमध्ये रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीची सेवा थांबवली होती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. तेल कंपनी वकील लावू शकते, पेटीवाल्यानं कुणाला गाठायचं?

म्हणून ब्राउझर शेवटी बदला, तो दहा मिनिटांचा खेळ आहे. अडकलाय तो पत्ता. जीमेलचा पत्ता ग्राहकांच्या फोनात, पेट्यांच्या छपाईत, जीएसटीत, बँकेत बसलाय. आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेलमध्ये @ नंतर येणारं आपलं नाव, घ्या. डॉट इन घ्या, त्याचा कारभार भारतातून चालतो. डॉट कॉमची नोंदवही अमेरिकन कंपनीकडे असते. पत्ता एकदा आपल्या डोमेनवर आला की मागे झोहो असो की आणखी कुणी, पाटी तीच राहते.

झोहो घेणार असाल तर प्लॅन नीट बघून घ्या. फुकटच्या प्लॅनमध्ये आयमॅप (दुसऱ्या प्रोग्रॅममधून मेल वाचायची सोय) मिळत नाही, मेल वेबवर किंवा त्यांच्याच ॲपमध्ये बघावे लागतात. थंडरबर्ड जोडायचा तर पैसे भरावे लागतात. प्रोटॉनचंही तसंच, ब्रिज (थंडरबर्डशी जोडणारा त्यांचा प्रोग्रॅम) फक्त पैसे भरणाऱ्यांना. आणि प्रोटॉनच्या कुलपाचं (मेल गुप्त ठेवण्याच्या सोयीचं) फार कौतुक नको: तुमचा ग्राहक जीमेलवर असेल तर त्या पत्राची प्रत गुगलकडे आहेच.

थंड_सर्व्हर

११ जीबीचं सांगतो, लोक इथेच आपटतात.

थंडरबर्डात दोन्ही खाती जोडून फोल्डर ओढून टाकायचे, हा सल्ला सगळीकडे मिळेल. तुमच्या लाइनवर तो करू नका. मेल आधी खाली उतरतो, मग वर चढतो, मध्ये लाईट गेली की कुठवर आलो होतो ते कळत नाही. त्यापेक्षा झोहोच्या ॲडमिनमध्ये डेटा मायग्रेशन (जुने मेल हलवायची सोय) आहे ते वापरा. एका सर्व्हरवरून थेट दुसऱ्या सर्व्हरवर जातं, तुमच्या घरची लाइन मध्ये येत नाही. आयमॅपनं जोडताना जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप (दुहेरी पडताळणी) चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवा. पोर्ट ९९३, एसएसएल.

जीमेल दिवसाला आयमॅपवरून साधारण २५०० एमबीच बाहेर देतं. म्हणजे ११ जीबीला पाच दिवस धरा. मध्येच थांबलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुढे सरकतं. पण सुरू करण्याआधी फोल्डरांच्या यादीतून 'ऑल मेल' काढून टाका. जीमेलचं लेबल आयमॅपवर फोल्डरसारखं दिसतं, एकच पत्र इनबॉक्समध्येही आणि ऑल मेलमध्येही. काढलं नाही तर ११ चे २० जीबी होतील आणि दिवसही दुप्पट लागतील. मात्र अर्काइव्ह केलेले मेल फक्त ऑल मेलमध्येच असतात. त्यांना आधी जीमेलमध्ये एक 'जुने' नावाचं लेबल लावा, मग ते लेबल घ्या.

वरून गुगलच्या टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) एक प्रत काढून ठेवा. एमबॉक्स फाइल मिळते, तिच्यात मेल एकत्र असतात. तुकडा २ जीबीचा निवडा, कारण दुवा सातेक दिवसच जिवंत असतो आणि एक संच पाचदाच उतरवता येतो. मोठा तुकडा अर्ध्यावर तुटला की संधी फुकट जाते. शिवाय ४ जीबीपेक्षा मोठा तुकडा जुन्या पेनड्राइव्हवर बसणार नाही, तो बहुधा फॅट३२ या जुन्या रचनेचा असतो. मोठा तुकडा घ्यायचाच तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

अबोली_वेंगुर्ले

जीएसटीच्या सहीबद्दल कुणीच बोललं नाही. डीएससीचा (डिजिटल सहीचा) एमसाइनर हा प्रोग्रॅम त्याच मशीनवर चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१:१५८५ या पत्त्यावर बोलतो (आकडे इंग्रजीतच टाका). फायरफॉक्सची प्रमाणपत्रांची पेटी वेगळी असते, विंडोजची नव्हे, म्हणून क्रोमवर चालणारी सही तिथे कधीकधी गप्प बसते. आधी एचटीटीपीएस लावून तो पत्ता थेट उघडा, इशारा येईल, 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जायची परवानगी द्या, मग पोर्टलवर सही करून बघा. तरी अडलं तर एका मशीनवर सहीपुरता क्रोम राहू द्या. भागीदार रागावले तर रिटर्न त्यांना भरायला सांगा.

क्रोममधले पासवर्ड नव्या ब्राउझरमध्ये नेताना सीएसव्ही फाइल बनते. ती उघडीवाघडी असते, नोटपॅडमध्ये सगळं वाचता येतं. काम झालं की शिफ्ट-डिलीट, रिसायकल बिनमध्ये ठेवू नका. पासकी (पासवर्डऐवजी फिंगरप्रिंट किंवा पिननं लॉगिन) त्या फाइलमधून येत नाहीत, त्या नव्याने नोंदवा.

मराठी टायपिंग: गुगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन फायरफॉक्सवर येणार नाही. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी फोनेटिक जोडा.

पाटलाचो_झिल

ह्या सगळा मे महिन्यात करू नकात. तेव्हा पेट्यो मोजूच्यो काय पासवर्ड शोधूचे?

लाटांचा_हिशेब

बरोबर. आणि जुना पत्ता लगेच बंद करू नका. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग लावा आणि निदान दोन हंगाम तसंच ठेवा. अधूनमधून लॉगिनही करा, दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गुगल खातं काढून टाकू शकतं. जीएसटीत ईमेल बदलणं नॉन-कोअर दुरुस्तीत येतं, आयईसीचं (आयात-निर्यात क्रमांकाचं) डीजीएफटी या विदेश व्यापार खात्याच्या पोर्टलवर. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावंच लागतं, तेव्हाच ते उरका. बँक शेवटी, ओटीपी नव्या पत्त्यावर नीट येतोय हे पाहिल्यावर.

मोहोर_देवगड

डॉट इन घेतलं, झोहो जोडलं, मायग्रेशन पाचव्या दिवशी संपलं, मेल पूर्ण आले. दोन अडचणी. थंडरबर्डात जीमेलवरून पाठवलेलं प्रत्येक पत्र सेंटमध्ये दोनदा दिसतं. आणि नव्या पत्त्यावरून ग्राहकांना पाठवलेलं स्पॅममध्ये जातं.

थंड_सर्व्हर

पहिलं सोपं. जीमेलचा सर्व्हर पाठवलेल्या पत्राची प्रत स्वतःच ठेवतो आणि थंडरबर्डही ठेवतो. खात्याच्या सेटिंगमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स'वर जा, पाठवलेल्या पत्राची प्रत ठेवण्याची खूण काढा. फक्त जीमेलच्या खात्याची.

दुसऱ्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये (नोंदींच्या यादीत) एसपीएफच्या, म्हणजे तुमच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या, ओळी मोजा. माझा अंदाज, दोन असतील: एक होस्टिंगवाल्यानं आधीच टाकलेली, एक झोहोसाठी तुम्ही घातलेली. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते, दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही नापास करतो. दोघांना एका ओळीत घाला, किंवा होस्टिंगवरून मेल जात नसेल तर त्याची ओळ उडवा. डीकिमही (पत्र तुमचंच आहे हे पटवणारी डोमेनची सही) घाला, ती टीएक्सटी ओळ झोहोच देतं. लांब असते, कॉपी करताना शेवटचं अक्षर सुटतं.

मोहोर_देवगड

दोनच होत्या. होस्टिंगची काढली. जीमेलच्या 'शो ओरिजिनल'मध्ये आता एसपीएफ पास दिसतंय, डीकिम अजून नापास.

थंड_सर्व्हर

डीकिमच्या ओळीतल्या किल्लीच्या शेवटी रिकामी जागा किंवा अवतरणचिन्ह आलंय का बघा. काढून पुन्हा सेव्ह करा आणि तासाभरानं झोहोत 'व्हेरिफाय' दाबा.

मोहोर_देवगड

अवतरणचिन्हच होतं. पास.